तात्या, त्या तीन दुपारींसाठी थँक्यू

तात्या, नमस्कार. हे सगळ्यांसमोर लिहितेय, कारण घरी येऊन सांगायला गेले की तुम्ही "राहूं दी गे बाय" म्हणून चहा टाकायला उठता आणि माझं बोलणं राहूनच जातं.

मार्चमध्ये प्रमोशनची फाईल भरायची होती तेव्हाची माझी अवस्था तुम्हाला माहीत आहे. बारा वर्षं संविधान आणि प्रशासकीय कायदा शिकवतेय, आणि गुगल स्कॉलर (लेख आणि त्यांचे उल्लेख मोजणारी गुगलची साइट) उघडलं तर ९ लेख, ११ सायटेशन, म्हणजे इतरांनी केलेले उल्लेख, आणि एच-इंडेक्स २. म्हणजे दोनच लेख असे की ज्यांचा प्रत्येकी निदान दोनदा कुणी उल्लेख केलाय. त्या रात्री मी झोपले नाही. दुसऱ्या दिवशी तुम्हाला फोन केला, तुम्ही लायब्ररीतून रिटायर झालेले, तरी एका शब्दात म्हणालात, लॅपटॉप घेऊन म्हापशाला ये.

तुमचा पहिलाच प्रश्न, "बाय, तुझी नावं किती?" मला कळलंच नाही. मग तुम्ही शाळेच्या वहीत पेन्सिलीने रकाने आखले: लग्नाआधीचं नाव, लग्नानंतरचं, आणि एका जर्नलने नुसती आद्याक्षरं छापलेली ती. मशीनच्या लेखी मी तीन वेगवेगळ्या बायका होते! ऑर्किडचा (ORCID, संशोधकाची एकच ओळख ठेवणारा) तो सोळा आकडी नंबर काढून एकेक लेख त्याला जोडत बसलो, त्यात अख्खी दुपार गेली.

दुसऱ्या दुपारी तुम्ही जे समजावलंत ते मला कुठल्याच वर्कशॉपमध्ये कुणी सांगितलं नव्हतं. एच-इंडेक्स २००५ साली हर्श नावाच्या एका भौतिकशास्त्रज्ञाने काढला, आणि कायद्याचं लिखाण त्या साच्यात नीट बसत नाही. आमच्याकडे बऱ्याचदा शेवटी संदर्भसूचीच नसते, सगळं तळटीपांत, त्यातही अर्ध्या ठिकाणी नुसतं 'सुप्रा' नि 'इबिड', म्हणजे 'वर सांगितलेलं' नि 'तेच पुस्तक', ते मशीनला कसं कळणार. आपली किती तरी कायद्याची जर्नल्स स्कोपसमध्ये, म्हणजे सायटेशन मोजणाऱ्या त्या मोठ्या डेटाबेसमध्ये नाहीत, बऱ्याच जुन्या लेखांना डीओआय (लेखाचा कायमचा ऑनलाइन नंबर) नाही, आणि कोर्टाने निकालात तुमचा लेख वापरला तरी तो स्कोपसच्या मोजणीत धरत नाहीत. तेव्हाच तुम्ही कॉनराडची गोष्ट सांगितलीत. जर्मनीचा प्राध्यापक, १९६५ साली बनारस हिंदू विद्यापीठात भाषण देऊन गेला की संविधान दुरुस्त करायच्या अधिकाराला आतूनच मर्यादा असतात, आणि १९७३ साली केशवानंद भारतीच्या निकालात न्यायमूर्ती खन्नांनी त्याचं लिखाण उद्धृत केलं. संविधानाची मूलभूत चौकट संसदेला मोडता येत नाही, हे तत्त्व सात विरुद्ध सहा मतांनी मान्य झालं. हे मी दर वर्षी वर्गात शिकवते तात्या, पण एका माणसाच्या लिखाणाचा प्रवास म्हणून त्याकडे कधी बघितलंच नव्हतं.

आणि माझे पैसे भरून छापलेले ते दोन लेख. आठ दिवसांत छापून आले होते, कुणी तपासलेसुद्धा नव्हते. आकडा कमी होईल म्हणून मी ते ठेवत होते. तुम्ही आवाज न चढवता म्हणालात, "काढ ते. हे तुझं काम न्हय." त्या क्षणी राग आला होता, खरं सांगते. काढले, आणि बरं केलं.

तिसरी दुपार मी कधीच विसरणार नाही. शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या त्या ऑनलाइन भांडारात, एक पीएचडी प्रबंध, स्कॅन केलेला, शब्द टाकून सर्च होत नाही असा, आणि तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून स्क्रीनला नाक लावून पानामागून पान बघत होतात. पान २१२. तळटीपेत माझं लग्नाआधीचं नाव! गोव्याच्या मुक्तीनंतर १९६२ च्या प्रशासन कायद्याच्या कलम ५ ने पोर्तुगीज कायदे कसे चालू राहिले, त्यावरचा माझा पहिला लेख, जो कुणी वाचलाच नाही असं मी धरून चालले होते. प्रबंध लिहिणाऱ्या त्या बाईंनी नुसता उल्लेख नाही केलेला, पुढची दोन पानं माझा मुद्दा खोडून काढलाय, आणि कोमुनिदादीच्या, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक जमिनींबद्दल त्यांचं म्हणणं बरोबर आहे. मला रडू आलं, तुम्ही पंख्याचा स्पीड वाढवलात आणि काहीच बोलला नाहीत.

आता ३४ सायटेशन, एच-इंडेक्स ४. स्कॅनमधली जी मशीनला सापडत नाहीत त्यांची यादी तुमच्या सांगण्यावरून पान नंबरासकट वेगळी जोडली. फाईलचं अजून काही कळलेलं नाही. पण त्या बाईंना मी मेल केला, उत्तर आलं, आणि कलम ५ चा लेख मी नव्याने लिहायला घेतलाय, त्यांचं खंडन धरून.

वही अजून माझ्याकडेच आहे. शेवटचा रकाना, ज्यावर तुम्ही 'कोर्ट' लिहिलंत, तो रिकामा आहे. चतुर्थीच्या आधी नेवऱ्या घेऊन येते, तेव्हा नवा मसुदाही आणते, पेन्सिल टोक काढून ठेवा.

तुमची,
बाय