कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या मेस्त्रींना, इंडिकावाल्याकडून

मेस्त्री, नमस्कार.

आमची इंडिका पीयूसीत पास झाली. फोनवर सांगितलं होतं, पण तुमच्याकडे मागं कसलं तरी इंजिन धडधडत होतं आणि तुम्ही "बरं बरं" म्हणून फोन ठेवलात. म्हणून हे लिहितोय, तेही उघड. अशी गाडी दारात असलेल्या आणखी कुणाच्या कामी आलं तर येऊ दे.

गाडी २००५ ची, वडिलांनी घेतलेली. १५ वर्षं झाली तेव्हा पाच वर्षांसाठी फेरनोंदणी केली, आता दुसऱ्यांदा करायची होती. विमा होता, पर्यावरण कर भरला, अडलं ते पीयूसीवर. मशिनवर धुराचा आकडा आला ३.९. एवढ्या जुन्या डिझेल गाडीला मर्यादा २.४५. एका गॅरेजवाल्यानं बॉनेट न उघडताच इंजिन उतरवायला सांगितलं, खर्च ४५ हजार. दुसरा एकजण तर गाडी न आणताच सर्टिफिकेट देतो म्हणाला. खोटं कशाला बोलू, त्याचा नंबर मी सेव्ह करून ठेवला होता.

तुमच्याकडे आलो तर तुम्ही हत्यार उचलायच्या आधी मला गाडीच्या मागं उभं केलंत आणि स्वतः आत बसून अ‍ॅक्सिलेटर दाबलात. २० वर्षं मी ही गाडी पुढं बसून चालवली, काचा वर करून. मागं काय सोडतोय ते कधी बघितलंच नव्हतं. शर्टावर काजळीचे ठिपके पडले. "काळा हाय न्हवं? म्हंजे डिझेल जळंना झालंय. निळा असता तर ऑईल जळतंय म्हणलो असतो, मग इंजिनाचं बोललो असतो."

एअर फिल्टर काढलात तेव्हा मात्र मान खाली गेली. गाळपाच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागून रोज जाणारी गाडी, आणि फिल्टर शेवटचा कधी बदलला ते मला आठवेना. तुम्ही फरशीवर आपटलात तर मूठभर माती पडली.

मग इंजिनात डिझेल फवारणारी नोझलं. हातपंपाच्या टेस्टरवर एकेक लावून दाखवलंत. पहिल्याचं डिझेल धुक्यासारखं फुटलं. तिसऱ्याची नुसती धार, आणि पंप थांबवल्यावरही टोकाला थेंब लोंबकळत राहिला. मी बोट पुढं केलं तर तुम्ही मनगट धरून मागं ओढलंत: ती धार कातडीतनं आत शिरती, बोट कापायची पाळी येती. चारातली दोन खराब होती, तरी चारही बदललीत, तांब्याचे वॉशर नवे टाकलेत, इंजिनाला डिझेल देणाऱ्या पंपाचं टायमिंग जरा मागं गेलं होतं ते डायल लावून जाग्यावर आणलंत. सगळं मिळून सहा हजारांच्या आत.

पण आभार मानायचेत ते दुसऱ्याच गोष्टीचे. मी घाईत होतो. पंपाचा तो स्क्रू फिरवून डिझेल कमी करता येतं असं कुठंतरी ऐकलं होतं, तेवढंच करा म्हणालो. तुम्ही स्क्रूला हात लावला नाहीत. "आकडा येईल खाली, पर गाडीची ताकद बी जाईल. सासुरवाडी रत्नागिरीची म्हणालासा न्हवं? आंबा घाटात पोरंबाळं घिऊन अडकलासा की मग मला शिव्या घालशीला." राग आला होता मला तेव्हा. आता सांगतो.

थंड इंजिनावर धूर जास्त दिसतो, म्हणून टेस्टच्या दिवशी आधी कागलपर्यंत जाऊन यायला लावलंत, चौथ्यात जरा ओढून. परत आलो ते इंजिन बंद न करता थेट पीयूसीवर. नळी सायलेन्सरमध्ये घातली, पोरानं न्यूट्रलमध्ये चारपाच वेळा पूर्ण दाबलं. आकडा आला १.४. त्यानं मशिनवर टिचकी मारली आणि पुन्हा एकदा घेतलं. तेच.

तो सेव्ह केलेला नंबर तिथंच उभा राहून काढून टाकला.

जुनी नोझलं तुम्ही पेपरात गुंडाळून दिलीत, ती अजून डॅशबोर्डच्या खणात आहेत. सगळ्या खणाला डिझेलचा वास लागलाय, बायको रोज बोलते. सर्टिफिकेट सहा महिन्यांचं आहे. पुढच्या वेळी येताना फिल्टर आधी बदलून आणतो, फरशी झाडायचं काम तुम्हाला नको.

तुमचा,
पांढऱ्या इंडिकावाला