फुलांच्या दरीला श्रावणाच्या तोंडावर

नांदेड, मार्च २०२६

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. उत्तराखंडातल्या फुलांच्या दरीला मे महिन्यात जाऊ, म्हणजे पेरणीच्या आत परतता येईल, असे तू लिहितोस. परंतु ते राष्ट्रीय उद्यान १ जूनला उघडते आणि ३१ ऑक्टोबरला बंद होते, त्यामुळे आम्हा शिक्षकांची उन्हाळी सुट्टी तिथे कामाची नाही, आणि दिवाळीपर्यंत तर फुले केव्हाच सरलेली असतात.

जूनमध्ये मी एकदा जाऊन आलो आहे. सहलीच्या आयोजकांनी पत्रकावर गुलाबी फुलांनी भरलेले उतार छापले होते आणि आम्ही महिन्याची चौकशी न करता पैसे भरले. प्रत्यक्षात ओढ्यांवर अजून बर्फ होता आणि जमीन भिजलेल्या गोणपाटासारखी तपकिरी, चेपलेली होती. तरीही बर्फाच्या कडेतून थेंब थेंब पाणी गळत असताना, त्या कडेपासून वीतभर अंतरावर, बोटभर उंचीची जांभळट प्रिम्युला उमललेली मी पाहिली, ती अजून डोळ्यांपुढून हलत नाही. बर्फ हटेल तसा फुलांना वाव मिळतो. जुलैत निळी पॉपी येते, आणि ऑगस्टमध्ये आपल्या महालक्ष्म्यांच्या वेळी फुलणाऱ्या तेरड्याचे उंच भाऊबंद उतारच्या उतार झाकून टाकतात. १९३१ साली कामेत शिखर सर करून परतताना ब्रिटिश गिर्यारोहक फ्रँक स्माइथ या दरीत उतरला, तोही पावसाळ्यातच.

म्हणून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात निघावे, असे माझे ठाम मत आहे. यंदा अधिक ज्येष्ठ आल्यामुळे पोळा सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आहे. तोवर तुझी कोळपणी, खुरपणी उरकलेली असेल. फवारणीचे धाकट्याला सांगून ठेव. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांच्या खांदेमळणीला तू घरीच असशील, हा माझा शब्द.

सचखंड एक्सप्रेसने दिल्ली, तिथून ऋषिकेश, आणि पुढे गोविंदघाटापर्यंत सुमारे २७० किलोमीटरचा घाटरस्ता आहे. पावसात तिथे दरडी कोसळतात, तेव्हा परतीच्या तिकिटाआधी दोन दिवस मोकळे ठेवायलाच हवेत. यात काटकसर नको. पुलन्यापर्यंत जीप जाते, तिथून दरीजवळच्या घांघरिया या मुक्कामाच्या गावापर्यंत सुमारे दहा किलोमीटर चढण पायी. दरीत मुक्कामाला परवानगी नाही, रोज घांघरियाला परतावे लागते, म्हणून दरीसाठी दोन दिवस धरले आहेत. एका दिवशी धुके उतरले, तर दुसरा हाताशी राहील.

तिसरा दिवस हेमकुंड साहिब या सरोवराकाठच्या गुरुद्वारासाठी. श्री गुरू गोविंदसिंहजींनी १७०८ साली आपल्या नांदेडात देह ठेवला, आणि त्यांच्या पूर्वजन्मीच्या तपाचे स्थान म्हणून शीख बांधव हेमकुंडाला मानतात. नांदेडकराने तिथवर जाऊन माथा न टेकता परतावे, हे मला पटत नाही. शिवाय त्याच वाटेवर त्या दिवसांत ब्रह्मकमळे दिसतात. मात्र ते सरोवर चार हजार मीटरहून उंच आहे आणि आपण चारशे मीटरच्या आतली माणसे, तेव्हा आतापासून रोज तासभर चालायला लाग.

रजेचा अर्ज मी या आठवड्यात देतो आहे. तुझा होकार आला, की दोघांची तिकिटे काढतो. आईंना माझा नमस्कार सांग आणि वहिनींची संमती मात्र तूच मिळव.

तुझा,
नांदेडचा मित्र