वीज गेली तरी कामांची रांग टिकावी

महोदय,

केळीच्या वजनपावत्या, जिनिंगचे हिशेब, शेतकऱ्यांना जाणारे एसएमएस अशी कामे रांगेत लावून पार पाडायला पायथॉन भाषेतले सेलरी हे सॉफ्टवेअर उत्तम आहे. जळगाव-धुळ्यात ते बसवणाऱ्यांनी मात्र आधी विजेचा विचार करावा.

मांडणी सोपी आहे. लिनक्सवर रेडिस, म्हणजे कामांची रांग सांभाळणारा डेटाबेस, चालू करावा (पोर्ट ६३७९), व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये (पायथॉनच्या वेगळ्या कप्प्यात) सेलरी टाकावे आणि वर्कर, म्हणजे रांगेतली कामे करणारा प्रोग्रॅम, सिस्टिमडी या लिनक्सच्या सेवा-व्यवस्थापकाकडे सोपवावा, म्हणजे वीज परतल्यावर तो आपोआप उठतो. विंडोजला सेलरीचा अधिकृत पाठिंबा चौथ्या आवृत्तीपासूनच नाही. तिथे वेळ घालवू नये.

खरी गडबड पुढे होते. रेडिस सगळे मेमरीत ठेवतो आणि डिस्कवर अधूनमधूनच उतरवतो. त्यामुळे 'अपेंडओन्ली', म्हणजे प्रत्येक बदल डिस्कवरच्या फाइलीत नोंदवण्याची सोय, चालू करणे अत्यावश्यक. मग साधारण सेकंदाभराचीच नोंद धोक्यात राहते. दुसरे, वर्कर काम संपण्याआधीच रांगेला 'काम मिळाले' अशी पोच देतो आणि ते रांगेतून निघते, म्हणून मध्येच वीज गेली की ते काम हरवते. 'टास्क अ‍ॅक्स लेट' चालू केल्यास पोच काम संपल्यावर जाते. अर्धवट राहिलेले काम रेडिस ठरावीक मुदतीनंतर, मुळात १ तासाने, पुन्हा देतो. मात्र तासापेक्षा लांब चालणारे काम यामुळे दोनदा सुरू होते. तिथे मुदत वाढवावी. पैशांच्या कामात तर त्या पावती क्रमांकाचे काम आधी झाले आहे का, हे डेटाबेसमध्ये तपासल्याशिवाय पुढे जाऊच नये. वेळापत्रकाप्रमाणे कामे रांगेत टाकणारा सेलरीचा 'बीट' एकच चालवावा, नाहीतर प्रत्येक एसएमएस दोनदा जाईल.

– एक वाचक, जळगाव