बोटीवरून घरी

॥ श्री ॥

डिचोली, गोवा

चि. संकेत यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा रात्री सिंगापूरहून घरी पोचलो. तू फोन केलास तेव्हा आईच बोलत राहिली आणि माझ्या हातात फोन येईपर्यंत तुझा बोटीवरच्या कामातला ब्रेक संपला. म्हणून लिहितोय. पानांचे फोटो व्हॉट्सॲपवर टाकतो. नेट मिळेल तसं वाच, घाई नाही.

आमच्या क्रूझची तिकिटं तू काढलीस, म्हणून प्रवास कसा झाला ते आधी सांगतो. दुबई, मस्कत, मुंबई, आपलं मुरगाव, कोची, कोलंबो, मग पिनांग, पोर्ट क्लांग आणि सिंगापूर. आईला सुरुवातीला जरा मळमळलं, नंतर काही नाही. दुबईबद्दल लिहिण्यासारखं माझ्याकडे नाही. उंच इमारती तू माझ्याआधी पाहिल्यास.

मला आवडली ती निघण्याआधीची आणीबाणीची ड्रिल. सात आखूड भोंगे, एक लांब. २०१२ साली इटलीच्या किनाऱ्यावर ती मोठी क्रूझ बोट आडवी झाली आणि ३२ माणसं गेली, त्यानंतर नियम कडक झाले. आता बोट सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी ड्रिल व्हावीच लागते. आमच्या स्टेशनवर, म्हणजे आणीबाणीत जमायच्या जागी, एक मुलगी म्हाताऱ्या माणसांना लाइफजॅकेटचे पट्टे बांधून दाखवत होती. आवाज खणखणीत, एक शब्द इकडेतिकडे नाही. संध्याकाळी बघतो तर तीच चहाची किटली घेऊन टेबलापाशी उभी. चहा देणाऱ्या मुलीवर वेळ आली तर शंभर माणसांचा जीव सोपवलेला असतो, हे प्रवाशांच्या ध्यानातही येत नाही. तुझ्याकडे कोणतं स्टेशन आहे आणि कोणती लाइफबोट, ते मला कळव. मला माहीत असलेलं बरं.

मस्कतला बोट मत्रा भागात लागली. धक्क्यावरून वर पाहिलं की टेकडीवर पोर्तुगिजांचा किल्ला, आणि जुन्या मस्कतला गेलं की आणखी दोन, मिराणी आणि जलाली. १५०७ ते १६५० एवढा काळ ते तिथे होते. मत्राच्या बाजारात लोबानाचा धूर भरून राहिलेला असतो. आईनं पुडी घेतली, काल देवापुढे लावली. राजवाड्याजवळ शंकराचं देऊळ आहे, तिथे तिनं तुझ्या नावानं फुलं वाहिली.

आता मुरगाव. मुंबईहून रात्रभर चालून पहाटे आग्वादचा दीपस्तंभ दिसला तेव्हा मी वरच्या डेकवर एकटाच होतो. त्या पाण्यात माझी सगळी नोकरी बार्जवर, म्हणजे खनिज वाहणाऱ्या सपाट बोटीवर, झाली. सारमानसच्या धक्क्यावर खनिज भरायचं, भरती साधून मांडवीतून खाली यायचं, पणजीच्या पुलांखालून, आग्वादचा बार, म्हणजे नदीच्या तोंडावरचा वाळूचा उंचवटा, ओलांडून मुरगाव. पावसाळ्यात आग्वादचं तोंड बंद, मग कुंभारजुव्याच्या कालव्यातून झुवारीत. दीड-दोन हजार टन माल पोटात घेतलेलं बार्ज पाण्याला असं टेकलेलं असतं की लाट डेकवरून पार होते. तिथून मी परदेशी जहाजांकडे मान वर करून बघत आलो. या वेळी मी वर होतो आणि खाली बंदराच्या पायलटची, म्हणजे जहाजाला वाट दाखवणाऱ्याची, लाँच बाजूला लागत होती. शिडीवरून पायलट चढला तो अगदी आपल्या सवयीनं, एका हातानं दोर धरून, लाटेनं लाँच उचलली त्याच क्षणी पाय टाकून. मला त्याला हाक मारावीशी वाटली. एवढं मोठं धूड त्यानं आणि कॅप्टननं आडवं सरकवत धक्क्याला लावलं, पुढच्या थ्रस्टरनं, म्हणजे पाण्याखालच्या आडव्या पंख्यानं, नाक आत घेतलं, आणि दोर पडेपर्यंत कुठे हिसका लागला नाही. काम असं असावं.

लोक बसमध्ये बसून जुने गोवे आणि मंगेशी बघायला गेले. आईला घरी जाऊन तुळशीला पाणी घालून यायचं होतं. तसं करता आलं असतं, पण मला बंदर सोडवेना. मग तिनं शेजारच्या काकींना फोन करून तुळस, मांजर, दुधाचं बिल सगळं विचारून घेतलं आणि माझ्याजवळ येऊन बसली. तिला मी खनिजाचा धक्का दाखवला. सप्टेंबर २०१२ मध्ये सरकारनं खाणी थांबवल्या, पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला, आणि बार्जेस नदीत नांगरून गंजत पडल्या, ते दिवस तुला आठवतातच. तू तेव्हा बारावीत होतास. पुढे हॉटेल मॅनेजमेंट केलंस, सीडीसी, म्हणजे खलाशाचं ओळखपुस्तक, काढलंस. २०१८ च्या मार्चमध्ये खाणी दुसऱ्यांदा बंद पडल्या तेव्हा घरात येणारा पगार तुझा एकट्याचा होता. हे आपण कधी मोकळेपणानं बोललो नाही. त्या दिवशी डेकवर आम्ही दोघं ते बोललो.

आमची केबिन आवरायला जो मुलगा मिळाला होता तो आपल्या गोव्यातल्याच केप्याचा. त्याला कळलं आम्ही डिचोलीचे, मग तो कोकणीतच बोलायला लागला. पहिल्या सकाळी तो यायच्या आत आईनं पलंग आवरला, टॉवेल घडी घातले, बेसिन पुसलं. तो दारात उभा राहून म्हणाला, "आंटी, हें तुमी करूं नाकात. सुपरवायझर म्हाका विचारतलो." आईचे हात तिथेच थांबले. मग ती खुर्चीवर बसून त्याला काम करताना बघत राहिली, आणि मीही. उशी हनुवटीखाली धरून खोळ खाली सोडायची, चादरीचा कोपरा एका झटक्यात दुमडून गादीखाली सारायचा, पलंगाभोवती एकच फेरी. परत फिरायचं नाही. साफसफाईच्या औषधाच्या पाण्यानं त्याच्या दोन्ही अंगठ्यांना भेगा पडल्या होत्या, एकावर चिकटपट्टी. तू गेल्या सुट्टीत जेवताना आमटीत बोटं बुडवत नव्हतास, चमच्यानं भात खायचास. आईला ते तिथे उलगडलं. ती उठून बाथरूममध्ये गेली आणि बराच वेळ नळ सोडून होती.

जहाजावर पैसे भरले की गॅली म्हणजे स्वयंपाकघर, लाँड्री, स्टोअर दाखवतात. मी गेलो. प्रवाशांच्या बाजूला गालिचा आणि पितळी कठडे. एक दार ढकललं की पांढरा पत्रा, डोक्यावर पाइप, भिंतीवर नोटिसा आणि ट्रॉल्यांची रांग. तो पांढरा रंग मी ओळखला. व्हिडिओ कॉलवर तुझ्यामागे नेहमी तीच भिंत असते. क्रूच्या केबिनी मात्र दाखवत नाहीत. केप्याच्या मुलाला विचारलं, तर म्हणाला दोघांत एक, खालीवर बंक, खिडकी नाही.

त्याच्याकडून मी कामाचे तासही विचारून घेतले. सागरी कामगारांचा २००६ चा आंतरराष्ट्रीय करार आहे, २०१३ पासून लागू, आपल्या देशानंही तो मान्य केलाय. चोवीस तासांत किमान १० तास विश्रांती, आठवड्यात ७७. ती दोनच तुकड्यांत मोडता येते आणि त्यातला एक सलग सहा तासांचा हवा. वाचायला बरं वाटतं. पण उरतात ते १४ तास, आणि सलग झोप धरायची ती सहा तासच. त्यात आम्ही पूर्वेकडे चाललेलो. दुबईपासून सिंगापूरपर्यंत घड्याळ चार तास पुढे जातं. रात्री केबिनमध्ये चिठ्ठी यायची, आज घड्याळ पुढे करा. प्रवाशाचं काय, नाश्त्याला उशिरा जातो. कामावरच्या माणसाचा तो तास झोपेतून कापला जातो. अशी चिठ्ठी आली की आई दुसऱ्या दिवशी केबिन आवरायला नको म्हणून दारावर पाटी लावायची. त्या मुलाला तेवढी दहा मिनिटं मिळावीत म्हणून.

कोचीला मट्टांचेरीत गेलो. चेरलाय भागात तिरुमल देवस्वमचं मोठं देऊळ आहे, आणि देवळाबाहेर फुलं विकणारी बाई आईशी कोकणीत बोलली. त्यांची कोकणी आपल्यापेक्षा वेगळी, पण समजली. पोर्तुगिजांच्या काळात गोव्यातून निघालेली ही माणसं, गलबतांतून देव घेऊन गेलेली. इतक्या पिढ्यांनंतरही भाषा घरात आहे. वास्को द गामाला १५२४ साली मरणही त्याच गावात आलं. त्याला जिथे पुरलं होतं ते चर्च बघायला रांग होती. आम्ही गेलो नाही, देवळातच बसलो. कोलंबोत ऊन फार होतं. बाजारात फिरून परतलो.

कोलंबोनंतर काही दिवस नुसतं पाणी. मला वाटलं होतं तुझी आई कंटाळेल. उलट ती तिथेच रमली. स्वयंपाक नाही, कोणी येणार नाही, दाराची बेल नाही. आम्ही दोघं रोज पहाटे डेकवर फेऱ्या घालायचो. ग्रेट निकोबार डावीकडे ठेवून, सहा अंश खाडीतून बोट मलाक्काच्या सामुद्रधुनीत शिरली त्या रात्री क्षितिजावर जहाजांचे दिवे ओळीनं लागलेले दिसले. आई म्हणाली, यातल्या प्रत्येकात कोणाचा तरी मुलगा आहे. आणि मग तिनं २०२० चा विषय काढला. प्रवासी उतरले आणि तुम्ही पोरं समुद्रातच राहिलात, एकही बंदर घ्यायला तयार नव्हतं. एप्रिल सरत आला तेव्हा कुठे केंद्रानं भारतीय खलाशांना उतरवून घ्यायचे नियम काढले. तू रोज फोनवर "मजेत आहे, खायला-प्यायला भरपूर आहे" एवढंच सांगायचास. आई फोन ठेवून देवघरात जाऊन बसायची. ती म्हणाली, त्यानं रडून सांगितलं असतं तर मला झोप तरी लागली असती.

पिनांग सुंदर आहे, चिनी घरं आणि तमिळ देवळं एकाच गल्लीत. पण मला जास्त लिहायचंय ते मलाक्काचं. पोर्ट क्लांगहून बसनं गेलो. गोवा पोर्तुगिजांनी १५१० ला घेतलं आणि लगेच १५११ ला मलाक्का. टेकडीवरचं चर्च आता उघडं आहे, नुसत्या भिंती. आत जाळीखाली एक रिकामी कबर आहे. सेंट फ्रान्सिस झेवियरचं शरीर १५५३ साली काही महिने तिथे होतं, मग जहाजानं गोव्याला आणलं. आपल्या गावची माणसं जुन्या गोव्याला फेस्ताला जातात, त्या गोंयच्या सायबाची वाट इथून आली. मस्कत, मुरगाव, कोची, मलाक्का, सगळीकडे तोच दगड, तीच कमान. जहाजं त्यांची होती. पुढे इंग्रजांच्या बोटी आल्या तेव्हा त्यांवर कुक आणि स्टुअर्ड म्हणून गोव्याची माणसं भरली, मुंबईत धोबीतलावच्या कूडांमध्ये, म्हणजे गावकऱ्यांच्या वसतिघरांमध्ये, ट्रंका ठेवून बोटीची वाट बघत राहिली. त्यांची नावं कोणत्या कमानीवर नाहीत. तुझं काम त्यांच्या ओळीतलं आहे आणि मला त्याचा अभिमान आहे, हे तुला लिहून द्यायचं होतं.

आणि दुसरं. घराचं कर्ज गेल्या वर्षी फिटलं. छपराचं काम झालं. माझा पीएफ बँकेत आहे, आईच्या औषधांना पुरतं. तेव्हा हे कॉन्ट्रॅक्ट संपल्यावर पुढचं जॉइनिंग घ्यायचं की नाही, हे ठरवताना आम्हाला हिशेबात धरू नकोस. तुला बोटीवर राहावंसं वाटत असेल तर खुशाल राहा. मी ते काम पाहिलंय, त्यात कसब आहे, आणि तू सुपरवायझर होशील यात मला शंका नाही. नको वाटत असेल तर ये. इथे काय करायचं ते आपण बसून बघू. पण थकलास तर फोनवर थकलो म्हण. अंगठे दुखत असतील तर दुखतात म्हण. आता आम्हाला भिंतीमागचं माहीत आहे, लपवून आमची काळजी कमी होत नाही.

साइन ऑफची, म्हणजे बोटीवरून सुटायची, तारीख कळली की लगेच सांग. चवथीच्या आत होतंय का बघ. गणपतीच्या वर बांधायच्या माटोळीचं सामान या वेळी डिचोलीच्या बाजारातून तू आणि मी मिळून आणू. मोपाच्या विमानतळावर न्यायला मी येतो, टॅक्सी करू नकोस.

आईनं केप्याच्या मुलाकडून त्याच्या आईचा नंबर घेतला होता. काल दोघी तासभर बोलल्या. येत्या रविवारी आम्ही केप्याला जाणार आहोत. तो जेवतो वेळेवर, थोडा बारीक झालाय, त्याचे दोस्त चांगले आहेत, हे तिला समोर बसून सांगायचंय. तुझ्या बोटीवर गोव्याचे कोणी आईबाप प्रवासी म्हणून आले तर त्यांना आमचा नंबर दे.

तुझे,
बाबा