एका हंगामात १७ विजय!

क्रिकेटच्या विक्रमांना पानभर जागा मिळते, मिळावीच. पण बर्फावरच्या विक्रमांचीही दखल घ्यावी, ही कळकळीची विनंती. स्वित्झर्लंडच्या व्रेनी श्नायडरने १९८८-८९च्या हंगामात स्कीइंग विश्वचषकाच्या १४ शर्यती जिंकल्या. हा विक्रम ३० वर्षे टिकला. २०१८-१९मध्ये अमेरिकेच्या मिकेला शिफ्रिनने तब्बल १७ जिंकल्या! हंगाम संपताना ती अवघी २४ वर्षांची होती. स्लॅलम, म्हणजे खांबांमधून नागमोडी वळणं घेत उतरायची स्कीइंग शर्यत, एकदा पाहावी म्हणजे या आकड्याचं मोल कळतं. उतारावर खांब सपासप आडवे होत जातात, दोन खांबांमधलं एक फाटक चुकलं की शर्यत हातची गेली. निकाल दोन फेऱ्यांच्या एकूण वेळेवर, तोही सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत मोजलेला. आगामी हंगामाचे निकाल चार ओळींत तरी छापावेत.

– एक क्रीडाप्रेमी वाचक, नाशिक