काकांना चालू दे

सातारा,
रविवार रात्र

प्रिय संज्या,

परवा फोनवर काकांचा आवाज ऐकून बरं वाटलं, पण तुझं बोलणं काही मनातून जाईना. डॉक्टरांनी वॉकर घेऊन रोज चालायला सांगितलंय आणि तू त्यांना पलंगावरून उठू देत नाहीस. "हाड आत्ता कुठं जुळतंय, परत मोडलं तर?" ही भीती मला चांगली माहितीये. आईचा खुबा मोडला तेव्हा मीही तिला पंधरा दिवस असंच जखडून ठेवलं होतं.

हाड म्हटलं की आपल्याला शाळेच्या प्रयोगशाळेतला तारेला टांगलेला सांगाडा आठवतो. पण ते मेलेलं हाड रे. जिवंत हाड ओलं असतं, गुलाबीसर असतं, त्यात रक्त खेळतं. वरच्या पातळ आवरणात नसांचं जाळं असतं, म्हणून तर मोडल्यावर जीव जाईल अशी कळ येते.

मध्ये चिमीबरोबर घरीच एक प्रयोग केला. कोंबडीच्या तंगडीचं हाड आठवडाभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवलं. काढलं तर रबरासारखं लवायला लागलं. दुसरं गॅसवर पार पांढरं होईतो भाजलं, तर चिमटीत धरताच त्याचा भुगा झाला. व्हिनेगरनं चुन्याचा अंश नेला होता आणि मागे कोलॅजन नावाचं चिवट प्रथिन उरलं होतं. आगीनं ते प्रथिन जाळलं आणि नुसता चुना उरला. दोन्ही एकत्र असतात म्हणून हाड भार पेलतं आणि थोडं लवतंही. चिमीपेक्षा मीच जास्त वेळ ते हाड वाकवत बसलो होतो.

आता तुला जे सांगायचंय ते. हाड एकदा घडलं की संपलं, असं नसतं. एका जातीच्या पेशी जुनं हाड कुरतडून काढतात, दुसऱ्या तिथं नवं भरतात. मोठ्या माणसाचं साधारण दहा टक्के हाड दरवर्षी असं बदलत असतं. आणि भर कुठं घालायची, हे बरंचसं भारावरून ठरतं. युलिउस वोल्फ या जर्मन शल्यविशारदानं हे 1892 साली मांडलं. मांडीचं हाड खुब्यापाशी उभं कापलं तर आत बारीक जाळी दिसते, आणि तिच्या रेषा कमानीसारख्या नेमक्या वजन उतरतं त्या वाटेनं गेलेल्या असतात. मी ते चित्र पाहिलं तेव्हा थक्क झालो. आपल्या चालण्यानंच ती जाळी विणली जाते!

भार काढून घेतला की ती उसवायला लागते. अंतराळवीरांना तिथं वजन जाणवत नाही, तर त्यांच्या खुब्याचं हाड महिन्याला टक्का-दीड टक्का झिजतं. पलंगावर पडून राहणाऱ्या माणसाचंही हाड असंच झिजतं, आणि स्नायू त्याच्या आधी जातात. काकांच्या हाडात रॉड घातलाय तो लवकर उभं राहता यावं म्हणूनच.

आई पहिल्यांदा उठली ती सकाळ अजून डोळ्यांपुढे आहे. तिनं तळवा फरशीवर टेकला, बोटं पसरली, जणू फरशी चाचपून बघत होती. एका पावलात 26 हाडं असतात. त्या क्षणी मला ती एकेक जागी होताना दिसली. चार पावलं टाकून ती खुर्चीत बसली आणि म्हणाली, "चहा ठेव."

संज्या, किती भार टाकायचा ते डॉक्टरांना नीट विचारून घे, आणि हाडं तपासून गोळ्या सुरू करायच्या का तेही विचार. पण उद्या सकाळी काकांना उभं कर. हात दोन्ही बाजूंना सैल सोडून उभं राहिल्यावर वॉकरची मूठ मनगटाच्या रेषेत यायला हवी. उंच असेल तर खटका दाबून कमी कर. पायांची रबरं झिजलीत का बघ. न्हाणीघरापुढचं पायपुसणं आजच उचल, आई त्यावरूनच घसरली होती.

शनिवारी दुपारच्या एसटीनं येतोय. काकांना सांग, गल्लीच्या तोंडापर्यंत आपण तिघं जाऊ.

तुझा,
अव्या