नवतपा यायच्या आत

नागपूर,
१८ मार्च

तीर्थरूप आई-बाबांना सा. न.

बाबा, परवा तुम्ही म्हणालात, "माणूस उन्हाला सरावतो असं तूच सांगतेस ना? मग आम्हाला एसी कशाला?" याचं उत्तर फोनवर घाईत देण्यासारखं नाही, म्हणून बसून लिहितेय.

तुमचं म्हणणं निम्मं खरं आहे, आणि माझं सगळं काम त्या निम्म्यावरच उभं आहे. ज्या हॉस्टेलांत एसी नाही, फक्त खिडक्या आणि छताचा पंखा आहे, तिथे मी मोजमाप करते. खोलीत साधा तापमापक असतो. त्याच्या शेजारी काळा रंग दिलेला टेबल टेनिसचा चेंडू टांगलेला असतो आणि त्याच्या पोटात दुसरा तापमापक. भिंती आणि स्लॅब अंगावर किती उष्णता टाकतात ते तो चेंडू सांगतो. वरच्या मजल्यावर संध्याकाळी बाहेरची हवा निवायला लागली तरी चेंडू तापलेलाच असतो, कारण दुपारभर स्लॅबने पिऊन घेतलेलं ऊन रात्री खोलीत उतरतं. मग मुलींना विचारायचं, आत्ता कसं वाटतंय? 'फार थंड' ते 'फार गरम' अशा सात पायऱ्या असतात, त्यातली एक त्यांनी निवडायची.

डेन्मार्कच्या फँगर यांनी १९७० च्या सुमारास याचं गणित मांडलं. हवेचं तापमान, भोवतालच्या पृष्ठभागांची उष्णता, वारा, दमटपणा, अंगावरचे कपडे आणि हालचाल, ही त्यातली सहा कारणं. गणित उत्तम आहे, पण ते बंद प्रयोगशाळेतल्या माणसांवर बेतलेलं. उघड्या खिडकीशी राहणारी माणसं त्यात नीट बसत नाहीत. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाच्या पुढाकाराने आपल्याकडच्या पाच शहरांतल्या कार्यालयांत पाहणी झाली. बाहेरची सरासरी एका अंशाने वाढली की माणसाला बरं वाटणारं आतलं तापमानही साधारण अर्ध्या अंशाने वर सरकतं, असं तीत दिसलं. बाहेर सरासरी ३० असेल, तर एसी नसलेल्या इमारतीत २९ च्या आसपास लोक खुशाल काम करतात. म्हणजे सवय ही नुसती समजूत नाही, ती मोजता येते.

पण बाबा, ही सवय कशाची बनलेली असते ते मला रोज त्या मुलींमध्ये दिसतं. रात्री दहाला आंघोळ करून त्या ओल्या केसांनीच पंख्याखाली बसतात. गादी गुंडाळून फरशीवर झोपतात. ओली चादर खिडकीला लावतात. दार उघडं टाकलं तर वारा आरपार जातो, पण मध्ये बोळ आणि दोन्हीकडे खोल्या अशी रचना असली की समोरचीचंही दार उघडं लागतं. मुलींच्या हॉस्टेलात रात्री दारं उघडी कशी ठेवायची? म्हणून मी दारावरच्या झरोक्यासाठी सारखी भांडत असते. जुन्या इमारतींत तो असायचा. नव्यांत तो गाळून टाकलाय, आणि जिथे आहे तिथे कुणीतरी पुठ्ठा ठोकलेला असतो. फारच झालं तर मुली उठून खालच्या मजल्यावरच्या मैत्रिणीकडे झोपायला जातात. एवढं सगळं करता येतं, म्हणून त्या तगतात. शिवाय त्या विशीतल्या आहेत. घाम धो धो येतो, तहान लगेच लागते, हृदय जोमाने रक्त कातडीकडे ढकलतं.

तुमच्याकडे मनाची तयारी पूर्ण आहे, ती कुणी काढून घेऊ शकत नाही. पण फरशीवर झोपून उठणं आईच्या गुडघ्यांना जमेल का? आणि शरीराचा भाग तर वयाबरोबर कमीच होत जातो. घाम उशिरा आणि कमी येतो, तहानेची जाणीव बोथट होते, गरम होतंय हेसुद्धा कमी कळतं. म्हणून "मला काही एवढं गरम होत नाही" हे तुमचं वाक्य ऐकलं की मला धीर येण्याऐवजी काळजी वाटते. विशीतल्या मुलीने ते सांगितलं तर मी वहीत लिहून पुढे जाईन. तुम्ही सांगितलंत तर मला आधी बी.पी. बघावंसं वाटतं.

२००३ च्या ऑगस्टमध्ये फ्रान्समध्ये उष्णतेच्या लाटेत सुमारे १५,००० माणसं जास्तीची गेली, त्यात बहुतेक वृद्ध होते. थेट छपराखालच्या खोलीत झोपणाऱ्यांना धोका अधिक होता. बाबा, तुम्ही वरच्या खोलीत झोपता. तिच्या डोक्यावर अकोल्याचं ऊन आणि मध्ये फक्त स्लॅब.

तर आता माझं ऐका. पलंग खाली, मधल्या खोलीत आणा. गच्चीला एप्रिलच्या आत पांढरा चुना मारून घ्या. पावसात धुपतो, पण उन्हाळा निघतो, आणि त्याच्याइतका स्वस्त उपाय दुसरा नाही. खिडक्या पहाटे सगळ्या उघडा आणि साडेआठ-नऊला बंद करून पडदे ओढा. दिवसभर उघड्या ठेवल्या तर ती लू घरात बोलावणंच झालं.

कूलरच्या ताट्यांमध्ये नवा वाळा भरून घ्या. पण आई, कूलर लावून तू दारं-खिडक्या घट्ट लावतेस ते नको. समोरची एक खिडकी उघडी हवी, नाहीतर खोली दमट होते आणि घाम वाळत नाही. हवा ४० च्या वर गेली की नुसत्या पंख्यावर भिस्त ठेवू नका, तो तापलेली हवाच अंगावर मारतो. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांत, आणि पहिल्या पावसाच्या आधीच्या दमट दिवसांत कूलरही हात टेकतो. एसी हवा आहे तो तेवढ्याचसाठी, फक्त खालच्या खोलीला. २७-२८ वर ठेवायचा आणि वर पंखा हळू चालू. बिल मी भरणार, यावर वाद नको.

आई, रात्री उठावं लागतं म्हणून संध्याकाळनंतर तू पाणी पीत नाहीस, हे मला माहीत आहे. पलंग खाली आला की न्हाणीघर चार पावलांवर येईल. तेव्हा तहानेची वाट न बघता पीत जा. बाबांच्या बी.पी.च्या गोळीत लघवी वाढवणारं औषध आहे का, आणि उन्हाळ्यात मात्रा बदलायची का, ते एप्रिल लागताच डॉक्टरांना विचारा. आपल्या मनाने गोळी बंद करू नका.

गुढीपाडव्याला मी येतेय, तेव्हा पलंग हलवू. चुनेवाल्याला तेवढं आजच सांगून ठेवा, नंतर तो सापडत नाही.

तुमची,
मंजू